उभ्या चाकाची राखण

म्हैसूरच्या रेल्वेस्थानकाजवळ, कृष्णराजसागराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रेल्वेचे एक छोटेखानी संग्रहालय आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे १९७९ मध्ये, ते सुरू झाले. तेथील सर्वांत जास्त गर्दी खेचणारी वस्तू म्हणजे १८९९ सालचा महाराणींचा सलून. त्याला जोडून स्वयंपाकाची व भोजनाची सोय आहे, राजघराण्याला साजेसे स्नानगृह आहे. थोडक्यात, चाकांवर चढवलेले ते एक घरच होय. पाहुणे खिडकीच्या काचेला नाक लावून आतले सामान न्याहाळतात आणि पुढे जातात. खाली वाकून चाकांकडे पाहणारा क्वचितच भेटतो. वास्तविक एखादे वाहन उभे राहिले की त्याच्या गाद्या-पडद्यांपेक्षा आधी चिंता करावी लागते ती चाकांची. चाक हा वाहनाचा असा एकच भाग आहे, की ज्याची सगळी रचना हालचाल गृहीत धरून केलेली असते. आणि नेमक्या त्याच भागावर, वाहन थांबल्यावर, सगळा भार एका जागी येऊन पडतो.

युरोपात हा प्रश्न घरोघरी पडतो. तेथे मोटारीच्या मागे जोडून न्यायचे फिरते घर, ज्याला कॅराव्हॅन म्हणतात, ते मध्यम स्थितीतल्या कुटुंबांतही असते. हौसेखातर अशा घरातून भटकण्याची सुरुवात ब्रिटनमध्ये डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल वैद्याने १८८५ मध्ये केली. त्याची गाडी ब्रिस्टलच्या कारखान्यात तयार झाली होती आणि ती घोडे ओढीत. पुढे मोटारी आल्या, गाड्या हलक्या झाल्या, आणि उन्हाळ्याची सुट्टी अशा घरात घालवण्याची चाल पडली. पण उन्हाळा संपला की ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत ही घरे अंगणात नाहीतर भाड्याच्या आवारात उभी. सहा महिने त्यांना कोणी हात लावीत नाही. मार्चमध्ये मालक येतो तेव्हा कधी टायर बसलेला आढळतो, कधी चाक जाम झालेले असते, आणि कधी तर चाकच जागेवर नसते.

चाकांची राखण म्हणजे दोन कामे आहेत. एक, चाक झिजू-कुजू न देणे. दुसरे, ते आपणहून गडगडत जाणार नाही अथवा कोणी पळवणार नाही अशी तजवीज करणे. ही दोन्ही कामे एकाच दिशेची आहेत असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा एकमेकींच्या आड येतात. चाक घट्ट जखडावे तर ते आतून बिघडते. ते मोकळे, अधांतरी ठेवावे तर गाडी अस्थिर होते. गाडी उभी करून ठेवण्याचे सारे कौशल्य या ओढाताणीतून वाट काढण्यात आहे.

प्रथम रबराच्या टायरचा विचार करू. बाराशे किलो वजनाच्या दोनचाकी कॅराव्हॅनमध्ये प्रत्येक चाकावर साडेपाचशे-सहाशे किलो भार येतो. टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला तीन किलो दाबाची हवा असेल, तर हा भार पेलण्यासाठी जमिनीला टेकलेला टायरचा तुकडा सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटरचा असतो, म्हणजे माणसाच्या पसरलेल्या पंजाहून थोडाच मोठा. गाडी चालत असते तेव्हा हा तुकडा क्षणोक्षणी बदलतो. गाडी उभी राहिली की टायरचा तोच भाग महिनोन्‌महिने चेपलेला राहतो, आणि त्याच्या वरच्या बाजूची भिंत सतत ताणलेली व फुगलेली राहते. रबर आणि आतले धागे हळूहळू त्या आकाराला सरावतात. विशेषतः नायलॉनच्या धाग्यांची ही खोड जुनी आहे. नायलॉनच्या टायरची गाडी प्रवासाहून तापून आली आणि रात्रभर थंड होत उभी राहिली, की सकाळी निघताना पहिले काही किलोमीटर चाकातून धप्‌ धप्‌ असा ठेका ऐकू येतो. एका रात्रीचा हा चपटेपणा चाक तापले की जातो. सहा महिन्यांचा जाईलच असे नाही.

याहून गूढ अपाय हवेकडून होतो. वातावरणात ओझोन नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात असतो. हवेच्या दहा कोटी भागांत त्याचे अवघे काही भाग. परंतु ताणलेल्या रबराला चिरा पाडण्यास तेवढाही पुरतो. ताण नसलेल्या रबरावर त्याचा असा परिणाम दिसत नाही. चिरा पडतात त्या ताणाच्या आडव्या दिशेने. कारखानदारांना हे ठाऊक असल्याने टायरच्या मिश्रणात ते एक प्रकारचे मेण घालतात. ते पृष्ठभागावर येऊन पातळ कवच धरते आणि ओझोनला बाहेर ठेवते. गंमत अशी की हे मेण आतून बाहेर येत राहण्यासाठी टायर वळत-वाकत राहावा लागतो. चालत्या गाडीच्या टायरवर कवच पुन्हा पुन्हा धरते. उभ्या गाडीचे एकदा फाटले की फाटले. म्हणूनच कमी वापरलेला टायर जास्त वापरलेल्यापेक्षा लवकर चिरतो, हे वरकरणी विचित्र वाटणारे दृश्य पाहावयास मिळते. नक्षी नव्यासारखी खोल, आणि भिंतीवर मात्र वाळल्या तळ्यातल्या चिखलासारख्या भेगा! अशा टायरची नक्षी पाहून त्यावर विसंबणे घातक आहे. टायरच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘३५१९’ याचा अर्थ २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. बहुतेक वेळ उभ्याच असणाऱ्या गाडीने पाच ते सात वर्षांत टायर बदलावे, नक्षी कितीही शिल्लक असो, असा जाणकारांचा सल्ला असतो.

आता म्हैसूरकडे वळू. या शहरात बर्फ पडत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर असल्यामुळे हवा सौम्य आहे. हिवाळ्यातही पाणी गोठण्याचा प्रश्न नाही. तेव्हा युरोपातल्या हिवाळी साठवणीचे नियम येथे जसेच्या तसे लावून चालणार नाही. येथील शत्रू दोन, ऊन आणि ओल. शहर विषुववृत्तापासून जेमतेम बारा अंशांवर असल्याने वर्षातून दोनदा, एप्रिलच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, सूर्य अगदी माथ्यावर येतो. पाऊस फार नसतो, वर्षाकाठी सुमारे आठशे मिलिमीटर, पण तो लांबतो. मेमधल्या वळवापासून ऑक्टोबरपर्यंत जमीन पुरती वाळतच नाही.

चाकाचे आणि या शहराचे नाते मात्र निकटचे आहे. विक्रांत टायर्स हा कारखाना म्हैसूरचाच; पुढे तो जे. के. टायर या कंपनीकडे गेला. १९६० मध्ये स्थापन झालेल्या आयडियल जावा कारखान्यातून जावा आणि नंतर येझदी या मोटरसायकली बाहेर पडत. १९९६ मध्ये तो बंद झाला, तरी त्या गाड्या जिवापाड जपणारे लोक म्हैसूरमध्ये आजही आहेत. अशी गाडी पावसाळाभर पडवीत ठेवावयाची तर ती कलत्या आधारावर न ठेवता मधल्या स्टँडवर चढवावी, म्हणजे मागचे चाक जमिनीपासून सुटते. पुढच्या चाकाचा भार इंजिनाखाली लाकडी ठोकळा सारून हलका करावा. तारांची चाके असल्याने ओल तारांच्या मुळाशी साचते आणि तेथूनच गंज धरतो; कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात फिरवावा, पण तो धातूवर, रबरावर नव्हे. रबराला तेल मानवत नाही. टायर काळेभोर चमकावेत म्हणून बाजारात मिळणारी तेलकट द्रव्येही त्यावरचे मेणाचे कवच धुऊन काढतात. ती न लावलेली बरी.

लाकडी चाकाची गोष्ट वेगळी आहे, आणि मला स्वतःला ती अधिक सुरस वाटते. बैलगाडीच्या चाकात मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांवर बसवलेली लाकडी पुठ्ठ्यांची वाटोळी कड आणि त्या सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव असते. ही धाव खिळ्यांच्या जोरावर बसत नाही. चाकापेक्षा किंचित लहान अशी ती घडवतात, जाळात तापवून फुगवतात, चाकावर चढवतात आणि पाणी ओतून थंड करतात. दीड मीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे चार मीटर सत्तर सेंटिमीटर भरतो. धाव चारशे अंशांनी तापली तर तिची लांबी सव्वादोन सेंटिमीटरने वाढते. थंड होताना ती तेवढीच आकसू पाहते आणि सगळे सांधे करकचून बसतात. परंतु पुढे लाकूड वाळले की ते आकसते. लोखंड आकसत नाही. धाव सैल होते, आरे खुळखुळू लागतात. उन्हाळ्यात गाडीवान गाडी मुद्दाम नदीच्या उतारातून नेत आणि घटकाभर पाण्यात उभी करीत, ते बैलांना पाणी पाजण्यापुरतेच नव्हे. मात्र हेच चाक पावसाळाभर चिखलात रुतून राहिले तर खालचा पुठ्ठा कुजतो. माझ्या लहानपणी आमच्या गावी मृगापूर्वी गाडीची चाके उतरवून पडवीत भिंतीशी टेकवून ठेवीत; खाली फळी आणि अधूनमधून चाक थोडे फिरवून दुसरा पुठ्ठा खाली आणायचा, हे काम आम्हा मुलांकडे असे. त्यामागचे कारण कोणी सांगितले नव्हते, आणि आम्ही विचारलेही नव्हते.

म्हैसूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर कपिला नदीच्या काठी नंजनगूड आहे. तेथील श्रीकंठेश्वराच्या मोठ्या यात्रेत, मार्च-एप्रिलमध्ये, पाच रथ ओढले जातात. त्यांतला श्रीकंठेश्वराचा गौतमरथ सर्वांत मोठा. काही तासांच्या या मिरवणुकीनंतर रथ पुन्हा वर्षभर उभे. म्हणजे अवाढव्य वजन, त्याच चाकांवर, त्याच जागी, फाल्गुन-चैत्राच्या उन्हापासून पुढच्या उन्हापर्यंत. २०२० मध्ये देशभर टाळेबंदी असल्याने यात्रा भरू शकली नाही आणि हा विसावा आणखी लांबला. पुरीच्या जगन्नाथाने ही अडचण मुळातूनच दूर केली आहे: तेथील तिन्ही रथ दरवर्षी नवे घडवतात, सोळा, चौदा आणि बारा मिळून बेचाळीस चाकांसह. ज्या देवाचे रथ जपून ठेवावयाचे असतात, त्याच्या सेवकांना मात्र वर्षभराच्या ओल-उन्हाचा हिशेब ठेवावा लागतो. तामिळनाडूत काही ठिकाणी लाकडाऐवजी पोलादाचा आश्रय घेतला गेला. तिरुचिरापल्लीच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्स कारखान्याने तिरुवारूरच्या प्रचंड रथाला पोलादी चाके आणि द्रवदाबावर चालणारे ब्रेक बसवले. लाकूडकामाची परंपरा त्यामुळे उणावली अशी हळहळ कोणाला वाटेल. पण गर्दीच्या रस्त्यावर आवरत नसलेला रथ ज्याने पाहिला आहे तो बहुधा हळहळणार नाही.

पोलादी चाक चेपत नाही, कुजत नाही. रेल्वेच्या चाकाचा रुळाला होणारा स्पर्श तर रुपयाच्या नाण्याहूनही लहान असतो. तरीही त्याच्या आसाशी असलेल्या बेअरिंगला उभे राहणे सोसत नाही. भारामुळे गोळ्यांखालचे वंगण हळूहळू बाजूला सरकते, धातू धातूला टेकतो, आणि बाहेरून बारीक हादरे बसत राहिले तर त्याच जागी खळगे पडतात. अमेरिकेत नव्या मोटारी रेल्वेने लांब पाठवल्या जात, तेव्हा चालवत नेलेल्या मोटारींपेक्षा डब्यातून उभ्याने गेलेल्यांचीच चाकांची बेअरिंगे बिघडलेली निघत, यावरून हा प्रकार अभियंत्यांच्या ध्यानात आला. रस्त्याकडेला, जड वाहनांच्या धडधडीत, महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीलाही हाच धोका आहे. उपाय सोपा आहे. महिन्यातून एकदा चाक थोडे फिरवावे, आणि पूर्ण फेरी न घेता पाव-अर्ध्या फेरीवर थांबवावे.

येथे दुसऱ्या कामाची, म्हणजे चाक रोखून धरण्याची, अडचण सुरू होते. गाडी उभी केली की हातब्रेक ओढणे हा आपला स्वभावच बनलेला असतो. रात्रीपुरते ते योग्यच आहे. सहा महिन्यांसाठी ते अयोग्य आहे, कारण ब्रेकचे अस्तर ओलीमध्ये ड्रमला चिकटून बसते आणि मधला गंज दोहोंना सांधून टाकतो. मग ब्रेक सोडला तरी चाक सुटत नाही. जोर लावला तर अस्तर उखडून येते. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी जुनी मोटार पावसाळाभर हातब्रेक ओढून ठेवली होती. दसऱ्याला तिची पूजा झाली खरी, पण सीमोल्लंघन काही झाले नाही. म्हणून दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीचा हातब्रेक सोडून ठेवावा आणि चाक बाहेरून अडवावे, असा सर्वसंमत नियम आहे.

बाहेरून अडवण्याचे साधन म्हणजे पाचर. ही साधी वस्तू आपल्या ओळखीची आहे. जळगावला कार्तिकी एकादशीच्या रामरथापुढे मोगरी लावणारे सेवेकरी असतात. चाकाखाली मोगरी सारून तेच रथ थांबवतात आणि तेच त्याला वळवतात. त्यांचे काम पाहिले म्हणजे पाचरेचे मर्म कळते. ती चाकाला घट्ट भिडलेली हवी, कारण मध्ये चार बोटे जागा राहिली तर चाक वेग घेऊन तिच्यावर चढते. ती पुरेशी उंच हवी, चाकाच्या व्यासाच्या निदान पाव हिश्श्याइतकी. रस्त्यात सापडलेला गोल धोंडा या कामाचा नव्हे. आणि ती दोन्ही बाजूंनी हवी. जमीन सपाट दिसते म्हणून एका बाजूची पाचर वाचवू नये.

सपाट दिसणारी जमीन किती फसवी असते हे रेल्वेइतके कोणी जाणत नाही. स्थानकाच्या आवारात ४०० मीटरला १ मीटर एवढाच उतार कमाल म्हणून मान्य असतो. डोळ्यांना तो दिसतही नाही. परंतु आधुनिक बेअरिंगवरची चाके इतकी सहज फिरतात, की तेवढ्या उतारावरही मोकळा डबा चालू लागतो. यास्तव उभ्या गाडीचे हातब्रेक आवळणे, चाकांखाली लाकडी गुटके व लोखंडी अडणी सारणे आणि चाक साखळीने रुळाला बांधून कुलूप घालणे, अशी एकाहून अधिक बंधने रेल्वेने ठरवून दिली आहेत. त्यांत ढिलाई झाली की काय होते ते २५ फेब्रुवारी २०२४ रोजी दिसले. जम्मूजवळ कठुआ स्थानकात गिट्टीने भरलेली त्रेपन्न वाघिणींची मालगाडी चालकाविना सुरू झाली आणि उतारावरून सुमारे सत्तर किलोमीटर धावत पंजाबात होशियारपूर जिल्ह्यातल्या ऊंची बस्सीपर्यंत गेली. वाटेतील फाटके बंद करावी लागली, समोरचा मार्ग मोकळा करावा लागला. अखेर ती थांबली ती रुळांवर ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यांच्या साहाय्याने. कोणी दगावले नाही, हे नशीब. जो ठोकळा निघताना चाकाखाली हवा होता, तोच सत्तर किलोमीटरवर शोधावा लागला.

रेल्वेच्या या पद्धतीत ब्रेकही आहे आणि बाहेरची अडणीही. कारण तेथे गाडी पुन्हा लवकरच निघायची असते आणि धोका फार मोठा असतो. घरगुती फिरत्या घराला ब्रेक वगळता येतो, पण मग बाहेरचे बंधन दुप्पट काळजीने घालावे लागते.

चाकांवरचा भार पूर्णपणे काढून गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, उचलून ठेवणे हा टायरच्या दृष्टीने सर्वोत्तम मार्ग. पण चाके अधांतरी झाली की ब्रेकही निकामी आणि पाचरही निकामी. गाडीचे सारे स्थैर्य त्या चार तिवयांवर. तेव्हा जमीन फरसबंदीची हवी, तिवया आसाखाली अथवा कारखान्याने नेमून दिलेल्या जागीच हव्यात, आणि कॅराव्हॅनच्या चार कोपऱ्यांवर जे बारीक पाय असतात त्यांचा जॅकसारखा उपयोग कधीही करू नये. ते पाय डुलणे थांबवण्यासाठी आहेत, वजन उचलण्यासाठी नाहीत. पुढच्या दांड्याखालचे छोटे चाकही अडवून ठेवावे. मातीच्या अंगणात, ऑक्टोबरच्या पावसात तिवई एका बाजूने रुतते. असे अंगण असेल तर गाडी उचलण्याच्या भानगडीत पडू नये. टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी अधिक, पण भिंतीवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत, हवा भरावी, खाली जाड फळी घालावी आणि महिन्याला चाक थोडे सरकवावे. उन्हाच्या बाजूला जाड कापडाचे आच्छादन टांगावे. प्लॅस्टिकने मात्र चाक गुंडाळू नये, आतली वाफ बाहेर पडत नाही.

चाके काढूनच ठेवली तर चोराचीही चिंता मिटते. नाहीपेक्षा चाकाला कवळून बसणारे लोखंडी कुलूप मिळते. काढलेली चाके हवा भरलेल्या स्थितीत अंधाऱ्या, कोरड्या खोलीत एकावर एक आडवी रचावीत. तेथे पाण्याचा पंप किंवा विजेची मोटर नसावी, कारण तिच्या ठिणग्यांतून तोच ओझोन निर्माण होतो. कोणते चाक कोणत्या बाजूचे हे खडूने लिहावे. नट डबीत टाकून न देता पुन्हा आपापल्या जागी फिरवून ठेवावेत, म्हणजे आटे गंजत नाहीत आणि नट हरवतही नाहीत.

पुन्हा निघण्याच्या दिवशी घाई होतेच. तरी चाके चढवल्यावर नट ओळीने न आवळता समोरासमोरचे आलटून पालटून आवळावेत, टायरची भिंत आतल्या बाजूनेही दिवा धरून पाहावी, हवा योग्य दाबावर आणावी, आणि सर्वांत शेवटी पाचरा काढाव्यात. गाडी मोटारीला जोडण्यापूर्वी नव्हे. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर एकदा थांबून नट पुन्हा तपासावेत. बसलेले धातू एवढ्या अवधीत थोडे सैलावतात.